वणव्याचा अभ्यासक : आल्डो लिओपोल्ड

फाल्गुन सरत आला म्हणजे आमच्या गावच्या डोंगरावर रात्रीच्या वेळी एक तांबडी रेघ दिसू लागते. दिवसा नुसता धूर असतो; काळोख पडला की ती रेघ चढण चढताना स्पष्ट दिसते. लहान मुलांना ती दिवाळीच्या रोषणाईसारखी वाटते, परंतु ज्यांच्या काजूच्या बागा त्या उतारावर आहेत त्यांची झोप उडते. हिरव्या डहाळ्या हाती घेऊन माणसे धावतात, झोडपून झोडपून वणवा विझवतात आणि पहाटे काळवंडलेल्या तोंडांनी घरी परततात. गंमत अशी की, यांतलाच एखादा शेतकरी पुढे वैशाखात आपल्या खाचराच्या कोपऱ्यात पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून त्याला आपल्या हाताने आग लावतो. भाजावळ केल्यावाचून भाताचा तरवा जोमाने उठत नाही, हा त्याचा पिढीजात अनुभव असतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यात विचार करण्याजोगे काही असेल असे आपणांस वाटतच नाही. सातासमुद्रांपलीकडे एका वनाधिकाऱ्याला मात्र तिचा उलगडा करता करता आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे खर्ची घालावी लागली, आणि शेवटी एका वणव्यापुढेच त्याने देह ठेवला. त्याचे नाव आल्डो लिओपोल्ड. जगातल्या निसर्गरक्षकांत त्याची गणना होते. आपल्या मुलांच्या कानांवर मात्र ते क्वचितच पडते, म्हणून त्याचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या बर्लिंग्टन या गावी झाला. घराणे मूळचे जर्मन. वडील कार्ल यांचा लाकडी मेजे तयार करण्याचा कारखाना होता. त्यांना शिकारीचा नाद होता, परंतु त्या काळच्या शिकाऱ्यांत दुर्मीळ असा एक संयमही त्यांच्या ठायी होता. कायद्याने काही बंधन घातलेले नसतानाही किती पक्षी मारावयाचे आणि कोणत्या ऋतूत बंदूक खाली ठेवावयाची, याची मर्यादा त्यांनी स्वतःच आखून घेतली होती. नदीकाठच्या दलदलीत आल्डो वडिलांच्या मागे मागे हिंडला. पक्ष्यांची नोंदवही ठेवण्याची सवय त्याला तेव्हाच जडली, ती शेवटच्या दिवसापर्यंत सुटली नाही.

पुढे येल विद्यापीठाच्या वनविद्यालयातून तो १९०९ साली पदवी घेऊन बाहेर पडला. या विद्यालयाचा आपल्या देशाशी एक दूरचा परंतु खरा संबंध आहे. ते १९०० साली गिफर्ड पिंशो यांच्या घराण्याने दिलेल्या देणगीतून उभे राहिले आणि पिंशो यांना वनशास्त्राची वाट दाखविणाऱ्यांत डिट्रिख ब्रँडिस हे वृद्ध जर्मन गृहस्थ प्रमुख होते. हेच ब्रँडिस १८६४ पासून हिंदुस्थान सरकारच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक होते. त्यांच्याच अमदानीत, १८६० नंतरच्या त्या दशकात, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात वणवा बंद करण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले. सारांश, जंगल राखणे म्हणजे प्रथम आग रोखणे हा धडा वनशास्त्राने युरोपात, हिंदुस्थानात आणि अमेरिकेत सारख्याच निष्ठेने गिरविला. तरुण लिओपोल्ड तोच धडा पाठ करून नोकरीस लागले.

त्यांची पहिली नेमणूक ॲरिझोनाच्या अपाची राष्ट्रीय वनात झाली. ॲरिझोना त्या वेळी राज्य नव्हते, नुसता प्रदेश होता. उंच पठारे, त्यांवर पाँडेरोसा नावाच्या पाइन वृक्षांची विरळ राने, खाली गवताळ कुरणे आणि त्याहून खाली रुक्ष दऱ्या, असा तो मुलूख. लिओपोल्ड बावीस वर्षांचे होते. नवा गणवेश, नवा घोडा आणि अंगात भलताच आत्मविश्वास! लाकडाच्या मोजणीसाठी त्यांच्या हाती दिलेल्या तुकडीला त्यांचे नेतृत्व इतके जाचले की तक्रारी झाल्या, चौकशी झाली; त्यांतून ते सुटले, परंतु चुका झाल्या होत्या हे खरे. त्याच दिवसांत त्यांनी आणि सोबत्यांनी एका लांडगीला गोळी घातली. मरणाऱ्या त्या जनावराच्या डोळ्यांतले तेज विझताना त्यांनी जवळून पाहिले. लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील, असा त्यांचा तेव्हाचा सरळ हिशेब होता. तो हिशेब चुकला हे जाहीर लिहावयास त्यांना पुढे पस्तीस वर्षे लागली. वणव्याच्या बाबतीत मात्र त्यांचे डोळे थोडे लवकर उघडले, आणि आम्हांस येथे मुख्यतः तेच सांगावयाचे आहे.

नोकरीस लागून वर्ष उलटते न उलटते तोच, १९१० च्या ऑगस्टमध्ये, उत्तरेकडील आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत वणव्यांनी थैमान घातले. दोन दिवसांच्या वावटळीत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि आग विझविण्यास गेलेली ऐंशीच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी १८७१ साली विस्कॉन्सिन राज्यातील पेश्टिगो गाव आणि त्याभोवतालचा प्रदेश एका रात्रीत भस्मसात होऊन बाराशेंहून अधिक लोक मेले होते. ती आठवण अद्याप ताजी होती. अशा परिस्थितीत वनखात्याने आग हा आपला पहिला शत्रू ठरविला, यात नवल नाही. लहान असो, मोठी असो, विजेने लागलेली असो वा माणसाने, प्रत्येक आग विझलीच पाहिजे, असे धोरण हळूहळू पक्के होत गेले. १९३५ साली तर त्याला असे कडक रूप आले की, आगीची वर्दी आल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणण्याचे लक्ष्य साऱ्या देशाला लावण्यात आले.

लिओपोल्ड १९१२ साली न्यू मेक्सिकोतील कार्सन वनाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी एस्टेला बर्जेरे हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वसंतात एका दौऱ्यावर ते गारांच्या वादळात सापडले, भिजून चिंब झाले आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने मरता मरता वाचले. दीड वर्षाच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर ते कामावर परतले, ते अल्बुकर्कच्या कचेरीत. १९१९ पासून त्यांच्याकडे नैर्ऋत्येकडील सुमारे २ कोटी एकर राष्ट्रीय वनांच्या कारभाराची देखरेख आली. वाटा, टेहळणीची ठाणी, दूरध्वनीच्या तारा, हत्यारे, माणसे, सारे त्यांच्या नजरेखालून जाई आणि या सगळ्याचा मोठा भाग होता आगीचा बंदोबस्त.

त्या सुमारास कॅलिफोर्नियात एक वाद जुंपला होता. काही जंगलमालक व शेतकरी म्हणत की, दर दोनचार वर्षांनी जमिनीवरचा पालापाचोळा हलकेच जाळून टाकावा. मूळचे आदिवासी असेच करीत आले आहेत. त्यामुळे मोठे वणवे टळतात. वनखात्याचा यास सक्त विरोध होता. पायूट नावाच्या आदिवासी जमातीवरून या पद्धतीला पायूटांचे वनशास्त्र असे कुचेष्टेचे नाव देण्यात आले. लिओपोल्ड यांनी १९२० साली हेच नाव शीर्षकात घालून एक खरमरीत लेख लिहिला. हलक्या आगीनेही कोवळी रोपे मरतात, झाडांच्या बुंध्यांना जखमा होतात, जमिनीचा कस जातो, असे त्यांचे म्हणणे. यातील रोपे मरतात हा मुद्दा खोटा नव्हता. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके त्याच जंगलात राहून आगीचा वापर केला, त्या लोकांना काही कळत असेल ही शंकासुद्धा त्या लेखाला शिवलेली नाही. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांच्या अशा लेखांवर पांघरूण घालण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही ती पाळीत नाही, कारण हा लेख बाजूस ठेवला तर त्यानंतर चार वर्षांनी त्यांनी जे केले त्याचे मोल कळणार नाही.

त्यांचे काम दौऱ्यांचे होते. घोड्यावरून ते वनामागून वने तपाशीत हिंडत आणि जेथे जात तेथे एक दृश्य त्यांना अस्वस्थ करी. डोंगराच्या उतारांवर जुन्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी गुडघाभर गवत होते, तेथे आता मँझनिटा, खुरटे ओक आणि जुनिपर यांची दाट जाळी माजली होती. खालच्या खोऱ्यांत ओढ्यांनी शेतेच्या शेते कापून नेली होती. जेथे सपाट सुपीक जमीन होती तेथे खोल घळी पडल्या होत्या. वनखात्याचे शास्त्र सांगे की, आग बंद केली म्हणजे जमीन सुरक्षित राहते. येथे तर आग बंद होऊन कित्येक वर्षे झाली होती आणि जमीन वाहून चालली होती.

त्या झुडपांच्या रानात त्यांना जुनिपरचे जुने खुंट सापडू लागले. काही झाडे केव्हाच मेलेली, काही जिवंत, आणि त्यांच्या बुंध्यांवर जळल्याचे व्रण. विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की, थंड हवामानातील झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. आग बुंध्याशी येऊन गेली आणि झाड जगले, तर जखमेच्या जागी व्रण राहतो व पुढल्या वर्षांची वलये त्यावर कडेने चढत जातात. म्हणून खोड नीट पाहिले तर आग किती वर्षांपूर्वी येऊन गेली, आणि तिच्या आधीची केव्हा, हे मोजता येते. लिओपोल्ड यांनी हे खुंट वाचावयास आरंभ केला. त्यांत त्यांना दिसले की, पूर्वी या उतारांवर काही काही वर्षांच्या अंतराने आग येतच असे. मग सुमारे चाळीस वर्षांपूर्वी ती एकाएकी थांबली. त्या वेळी तर वनखाते जन्मासही आले नव्हते! मग आग थांबविली कोणी?

उत्तर गुरांनी दिले. १८८० नंतर रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग गुरांचे प्रचंड कळप या कुरणांवर सोडण्यात आले. गुरांनी गवत मुळापर्यंत कुरतडले. पूर्वी उन्हाळ्यात वीज पडली किंवा अपाची लोकांनी आग लावली म्हणजे वाळलेल्या गवतावरून ती झपाट्याने पळत जाई. आता गवतच उरले नाही, मग आग पळणार कशावरून? आग आली नाही म्हणून झुडपांची रोपे मेली नाहीत. झुडपे वाढली म्हणून उरलेसुरले गवत त्यांच्या छायेत खुरटले. आणि गवताच्या मुळ्यांचे जाळे सुटले म्हणून पावसाच्या पाण्याने माती नेली. त्या माणसाने आपल्याच खात्याच्या समजुतीची उभी भिंत अशी एकेक वीट काढून पाहिली. त्यातही अवघड वीट ही की, गुरे चारल्याने आगीचा धोका कमी होतो म्हणून खात्यातील लोक चराईला उत्तेजन देत आले होते, आणि लिओपोल्ड यांना तर आता दिसत होते की, या उतारांची धूप आगीपेक्षा चराईनेच अधिक केली आहे.

हे सारे त्यांनी १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये वनशास्त्राच्या एका नियतकालिकात दक्षिण ॲरिझोनातील गवत, झुडपे, इमारती लाकूड आणि आग या विषयावरील लेखात मांडले. म्हणून उद्यापासून जंगलांना काड्या लावत सुटा, असे त्यांनी म्हटले नाही. इमारती लाकडाच्या रानांत आगीचा बंदोबस्त त्यांना तेव्हाही हवाच होता. चार वर्षांपूर्वीचे आपले मत सपशेल चुकले अशी दवंडीही त्यांनी पिटली नाही. पण ज्या विद्येवर त्यांची भाकरी अवलंबून होती तिच्या पहिल्याच धड्यावर त्यांनी प्रश्नचिन्ह घातले, आणि तेही त्या विद्येच्याच व्यासपीठावरून. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांच्या प्रयत्नांनी न्यू मेक्सिकोतील गिला वनाचा साडेसात लाख एकरांहून मोठा भाग रस्ते व इमारती यांपासून मुक्त राखण्याचे ठरले. अशा तऱ्हेने राखलेले हे अमेरिकेतील पहिलेच राष्ट्रीय वनक्षेत्र.

त्यानंतर ते बदलीवर विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे लाकडावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. झाड मेल्यानंतरच्या गोष्टींत त्यांचे मन रमले नाही. चार वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली. काही काळ गावोगाव फिरून शिकारीच्या प्राण्यांची पाहणी केली आणि १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. याच काळात जॉर्जिया राज्यात हर्बर्ट स्टॉडर्ड नावाचे त्यांचे एक स्नेही लावा जातीच्या पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. त्यांना आढळले की, पाइनच्या रानांतील गवत वेळोवेळी जाळले नाही तर हे पक्षी नाहीसे होतात. दाट पाल्यात त्यांच्या पिलांना चालता येत नाही आणि दाणाही मिळत नाही. स्टॉडर्ड यांनी हे १९३१ च्या आपल्या ग्रंथात लिहिले, तेव्हा वनाधिकाऱ्यांच्या भुवया चढल्या. लिओपोल्ड यांना त्यात आपल्या जुनिपरच्या खुंटांचीच साक्ष दिसली असली पाहिजे.

विस्कॉन्सिनमध्ये आगीची आणखी एक जात त्यांच्या पाहण्यात आली. राज्याच्या मध्यभागी विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. हजारो वर्षे शेवाळे आणि गवते पाण्यात अर्धवट कुजून तेथे काळ्या तपकिरी मातीसारखा थर साचलेला असतो. त्याला पीट म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या आशेने लोकांनी चर खणून या दलदली कोरड्या केल्या. पिके फारशी आली नाहीत. पीट मात्र वाळले आणि त्याला आगी लागल्या. ही आग ज्वाळा उठवीत पळत नाही. ती जमिनीत शिरते आणि आतल्या आत धुमसत राहते. वरून झोडपून ती विझत नाही. बर्फ पडेपर्यंत, किंवा पाणी चढेपर्यंत ती खात जाते. गवताची आग पुढल्या पावसाळ्याआधी विसरली जाते, तर या आगीने हजारो वर्षांची जमीनच खाऊन टाकली. सारस कुळातील क्रौंच पक्षी ज्या दलदलींत घरटी करीत तेथे राखेचे खड्डे उरले. १९३० च्या दुष्काळात या आगींनी फार नुकसान केले. पुढे चर बुजवून, बांध घालून पाणी परत आणण्यात आले तेव्हा कोठे क्रौंच परतू लागले. या प्रदेशावरचा आणि त्या पक्ष्यांवरचा लिओपोल्ड यांचा निबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या मते तो त्यांच्या उत्तम लेखनांपैकी एक आहे. दलदलीचा नाश आगीने केला असे वरवर पाहणारा म्हणेल, परंतु खरा आरंभ चर खणणाऱ्या कुदळीने झाला होता.

गवताळ माळांची कथा याच्या अगदी उलट. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात एके काळी प्रेअरी म्हणजे उंच गवताचे माळ होते. या गवतांचे वाढते कोंब जमिनीच्या पोटात असतात. वसंताच्या तोंडी आग आली तर वरचे वाळलेले गवत तेवढे जळते. खालचा जीव सुरक्षित राहतो. काळी पडलेली जमीन ऊन लवकर शोषून घेते आणि नवे अंकुर जोमाने वर येतात. झाडांच्या रोपांचा कोंब मात्र उघड्यावर असतो, म्हणून ती मरतात. एकटा बर ओक नावाचा वृक्ष बुचासारखी जाड साल अंगावर वागवून या आगींना टक्कर देत उभा राही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी माळ नांगरले, आगी बंद झाल्या आणि एका पिढीत जेथे तुरळक ओक होते तेथे दाट रान झाले. रान वाढले म्हणजे निसर्गाची भरभराट झाली असे आपण सहज म्हणू. पण त्या रानाखाली शेकडो जातींची फुले आणि गवते गुदमरून मेली होती.

मॅडिसनच्या विद्यापीठाने १९३४ साली एक वृक्षोद्यान स्थापन केले, तेव्हा लिओपोल्ड यांच्या आग्रहाने तेथे परदेशी शोभिवंत झाडांऐवजी मूळचे विस्कॉन्सिन परत उभे करण्याचे ठरले. पडीक शेतात प्रेअरीची गवते आणि फुलझाडे हातांनी लावण्यात आली. ती लागली खरी, परंतु युरोपातून आलेले निळसर कुरणगवत त्यांना वर येऊ देईना. तेव्हा जॉन कर्टिस आणि मॅक्स पार्च या संशोधकांनी १९४० नंतरच्या वर्षांत काही तुकडे मुद्दाम जाळून पाहिले. परके गवत हटले, माळाची मूळची झाडे पसरली. या प्रयोगाचा वृत्तान्त १९४८ साली छापला गेला. गवताळ माळ परत आणावयाचा तर काडेपेटीही माळ्याच्या अवजारांत हवी, हे त्या उद्यानात तेव्हापासून मान्य झाले.

या सगळ्या विद्वत्तेच्या जोडीला लिओपोल्ड यांनी एक घरगुती उद्योग आरंभिला होता. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीच्या काठी पिकून पिकून निःसत्त्व झालेली, कोणी न विचारणारी ऐंशी एकर वाळूची जमीन घेतली. राहते घर केव्हाच जळून गेले होते. उभे होते ते एक कोंबड्यांचे खुराडे, आत गुडघाभर शेणखत. ते उपसून कुटुंबाने त्याची झोपडी केली. आईबाप आणि पाच मुले, सुटीच्या दिवशी सारी तेथे जात आणि प्रत्येक वसंतात पाइनची रोपे लावीत. १९३६ च्या दुष्काळात बहुतेक रोपे करपून गेली. त्यांनी पुन्हा लावली. बारा-तेरा वर्षांत लावलेल्या झाडांची संख्या हजारोंनी मोजावी लागे. विद्यापीठातले हे प्राध्यापक हातात फावडे घेऊन वाळूत रोपे लावीत आहेत, हे चित्र आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. कोणता पक्षी कोणत्या दिवशी आला, कोणते फूल केव्हा उमलले, हे ते पहाटे उठून टिपून ठेवीत. त्या टिपणांतून आणि जुन्या आठवणींतून निबंधांचे एक पुस्तक सिद्ध झाले. प्रकाशकांनी ते अनेकदा नाकारले. अखेर १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते स्वीकारल्याचा निरोप आला.

त्यानंतर एक आठवडा गेला. लिओपोल्ड एकसष्ट वर्षांचे होते. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या तीव्र वेदनांसाठी आदल्याच वर्षी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रकृती पूर्वीसारखी राहिली नव्हती. ईस्टरनंतरच्या त्या वसंतात ते पत्नी आणि धाकटी कन्या एस्टेला यांच्यासह झोपडीवर मुक्कामाला होते. २१ एप्रिलच्या सकाळी शेजारच्या शेतावरून धूर उठताना दिसला. तेथे केरकचरा जाळताना ठिणगी सुटली होती आणि वाळक्या गवतातून आग पसरत चालली होती. वाऱ्याच्या दिशेला लिओपोल्ड कुटुंबाचे पाइन उभे होते.

तिघेही मिळतील ती साधने घेऊन निघाले. पाण्याचा पंप, झारी, झाडू, गोणपाट. लिओपोल्ड यांनी आयुष्याची कित्येक वर्षे असल्याच कामाची आखणी केली होती. त्यांनी घाई न करता कामे वाटून दिली. पत्नीला रस्त्याच्या बाजूस उभे केले, म्हणजे आग रस्ता ओलांडू पाहील तर तेथेच विझवता येईल. मुलीला मदत बोलावण्यासाठी धाडले. स्वतः पंप घेऊन ते आगीच्या कडेकडेने न जळलेले गवत भिजवीत गेले. तेथे, कोणी जवळ नसताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पंप खाली ठेवून ते पाठीवर आडवे झाले, डोके गवताच्या एका झुबक्यावर टेकले, हात छातीवर जुळविले. आग हलकेच त्यांच्यावरून पुढे निघून गेली. खिशातील टिपणवही कडांनी होरपळली.

आगीचे महत्त्व ज्याने ओळखले तो आग विझवताना मेला, यात काहींना विसंगती वाटते. आम्हांस ती वाटत नाही. एप्रिलच्या वाऱ्यात कोवळ्या पाइनच्या रानाकडे धावणारी बेवारस आग कोणती आणि माळावर बेताने लावलेली कोणती, हे त्यांच्याइतके कोणास कळत होते? आमच्या गावचा काजूवाला वणव्यावर डहाळ्या घेऊन धावतो तेव्हा त्याला आपली भाजावळ आठवून संकोच होत नाही.

त्यांचे पुस्तक पुढल्या वर्षी, १९४९ साली, 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या नावाने बाहेर आले. आरंभी त्याचा खप बेताचाच होता. पुढे त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. पाचही मुले विज्ञानाच्या व निसर्गरक्षणाच्या क्षेत्रांत नावारूपास आली. त्यांपैकी तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. थोरला मुलगा स्टार्कर याच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ साली राष्ट्रीय उद्यानांविषयी सरकारला जो अहवाल दिला, त्यात आगीला निसर्गातील तिचे स्थान परत देण्याचा आग्रह होता. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने आपले धोरण बदलले; सकाळी दहाची ती जुनी मुदत वनखात्याने १९७८ साली रद्द केली. त्याच दशकात, ज्या गिला वनासाठी लिओपोल्ड झटले होते, तेथे विजेने लागलेल्या काही आगी देखरेखीखाली जळू देण्यास आरंभ झाला.

विस्कॉन्सिन नदीकाठची ती झोपडी अद्याप उभी आहे. भोवतालच्या माळावर वसंतात जाळरेषा आखून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, पाण्याचे पंप तयार ठेवून आजही गवत जाळले जाते. ज्या पाइन वृक्षांकडे त्या सकाळी आग निघाली होती ते वाढून इतके दाट झाले की, काही झाडे काढणे भाग पडले. लिओपोल्ड जेथे पडले त्या जागेजवळ २००७ साली त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेची वास्तू उभी राहिली. तिच्या तुळया आणि खांब त्या कुटुंबाने आपल्या हातांनी लावलेल्या पाइनचे आहेत.